चॅनल सात

मेहुणा : डावीकडे म्हणालो दाजी, डावीकडे. तुम्ही उजवीकडे नेताय.

दाजी : डावीकडेच चाललंय.

मेहुणा : नाही. थांबा. आहे तिथंच थांबा. दांड्यांवरून हात काढा.

दाजी : काढले.

मेहुणा : दोन्ही?

दाजी : दोन्ही काढले रे. ब्रेक लागला. हलत नाही आता काही.

मेहुणा : बरं. आता चॅनल सातवर या. तीनवर मुकादम ऐकतोय.

(एक वर, एक खाली. शेहेचाळीस मीटर उंचीवर क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये दाजी. खाली स्लॅबवर वॉकीटॉकी घेऊन उभा त्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, क्रेनला इशारे देणं हेच त्याचं काम. दोघांच्या मधोमध हुकाला दोन टन सळया लटकलेल्या. दुपारचा एक वाजून गेलेला, माणसं नुकतीच जेवायला पांगलेली, तेवढंच नशीब. बारा वर्षांत दाजींचं डावं-उजवं एकदाही चुकलेलं मेहुण्यानं पाहिलं नव्हतं, ते आज पाहिलं.)

दाजी : आलो सातवर. बोल.

मेहुणा : काय होतंय तुम्हाला?

दाजी : काही नाही. घाम येतोय जरा. ऊन आहे.

मेहुणा : पंखा लावा.

दाजी : लावलाय. पंख्यासमोर बसून घाम येतोय. हात थोडे थरथरतायत.

मेहुणा : थोडे म्हणजे किती?

दाजी : पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना.

मेहुणा : आणि नजर?

दाजी : तू दोन दिसतोयस. एक होतास तेच मला जड जात होतं.

मेहुणा : चेष्टा राहू द्या. तीन महिन्यांपूर्वी घरी झालं होतं, तेच आहे का हे?

दाजी : ते वेगळं. तेव्हा मी जॅम लावून चार पाव खाल्ले होते.

मेहुणा : आणि आज इंजिनिअरसाहेबांच्या निरोप समारंभाला काय खाल्लं?

दाजी : सगळ्यांनी खाल्लं तेच.

मेहुणा : दाजी.

दाजी : भात. दीड वाटी. केकचा एक तुकडा. आणि खोक्यातला तो फळांचा रस. आता साहेब स्वतः पेला पुढे करतायत, दहाजण बघतायत, नाही कसं म्हणणार? नाही म्हटलं की सुरू होतं, का हो, पोटाचं काही आहे का? पोटाचंच तर आहे. ते सांगता येत नाही म्हणून मुकाट्यानं खाल्लं.

मेहुणा : अकरा वाजता ना? दोन तास झाले. डॉक्टर तेव्हा काय म्हणाले होते? ऑपरेशननं पोट लहान केल्यावर असलं एकदम खाल्लं की आधी साखर वर जाते आणि मग दोन तासांनी धाडकन खाली येते.

दाजी : मला नको शिकवू. भाताचं नाही हे.

मेहुणा : कशावरून?

दाजी : दोन महिने झाले, रोज दुपारी तुझा डबा मी खातोय आणि माझा तू. तुझ्या डब्यात रोज भात. एक दिवस तरी मला काही झालं?

मेहुणा : नाही.

दाजी : मग? भात मला पचतो, सिद्ध झालंय ते. म्हणून तर आज बिनधास्त खाल्ला. हे दुसरंच काहीतरी आहे. छातीचं असेल.

मेहुणा : छातीत दुखतंय?

दाजी : धडधडतंय.

मेहुणा : मी ताईला फोन लावतो.

दाजी : अजिबात लावू नकोस. डब्यांचं कळेल तिला.

मेहुणा : कळू द्या.

दाजी : अरे, दीड वर्ष ती बाई माझा घास न् घास मोजतेय. तराजू घेऊन बसते स्वयंपाकघरात. तिला कळलं की आपण दोघं मिळून तिच्या डोळ्यांत धूळ फेकतोय, तर तिचा जीव किती तुटेल?

मेहुणा : वाजतोय फोन. स्पीकरवर टाकून वॉकीला लावून धरतो. दोघांनी एकदम बोलू नका.

ताई : बोल लवकर. शिलाई मशीनवर बसलेय, गिऱ्हाईक उभं आहे.

मेहुणा : ताई, दाजींना घाम सुटलाय. हात थरथरतायत, एकाचे दोन दिसतायत. वर केबिनमध्ये आहेत.

ताई : वर? आणि हुकाला?

मेहुणा : दोन टन सळया. पण ब्रेक लागलाय, आणि खाली कुणी नाही.

ताई : काय खाल्लं त्यांनी? खरं सांग.

मेहुणा : अकराला भात, केक, रस. साहेबांचा निरोप समारंभ होता.

ताई : मग साखर उतरलीय. काहीतरी गोड द्या त्यांना, आत्ताच्या आत्ता.

दाजी : अगं, भाताचं नाही हे. भात मला चालतो.

ताई : तुम्हाला कुणी सांगितलं चालतो म्हणून?

दाजी : सांग रे आता तूच.

मेहुणा : ताई, रागावू नकोस. आम्ही दोन महिने डबे बदलतोय. माझ्या डब्यातला भात दाजी खातात. मी त्यांचा खातो, अंडी आणि ती उकडलेली कोंबडी.

ताई : ठाऊक आहे मला.

मेहुणा : काय?

ताई : तुझ्या दोन पँटी कंबरेत आत घेतल्यात मी. दीड-दीड इंच. धडधाकट माणूस माझ्या हातचं भात-बटाटा खाऊन बारीक कसा होईल? टेप लावली तेव्हा खात्री पटली, पण तुमचं ठरलं त्या रात्रीच मी ऐकलं होतं.

मेहुणा : आणि बोलली नाहीस?

ताई : बोलले असते तर तुम्ही तिसरा डबा शोधला असता. म्हणून मग तुझ्या डब्यातच यांचं भरायला लागले. तो भात नव्हता.

दाजी : भात नव्हता म्हणजे?

ताई : फ्लॉवर. किसणीवर किसून, कढईत कोरडा परतून. वरून दिसायला चमचाभर खरा भात. बटाटे म्हणून खात होतात ते उकडलेले मुळे होते.

दाजी : दोन महिने?

ताई : दोन महिने.

मेहुणा : म्हणजे हे पण पथ्यावर आणि मी पण पथ्यावर? तरीच मला चार वाजता जिन्याचे कठडे चावावेसे वाटतात.

दाजी : मला चव कशी कळली नाही?

ताई : चोरून खाल्लेलं गोडच लागतं. चव कोण बघतं त्यात?

दाजी : म्हणजे आजचा भात...

ताई : आजचा पहिला. दोन महिन्यांतला पहिला खरा भात, आणि त्यावर केक आणि रस. आता तरी पटलं का? खिशात काही आहे का गोड?

दाजी : काही नाही. सगळे खिसे तूच तर रिकामे करतेस सकाळी. अगं पण साखरेनंच झालंय म्हणतेस, आणि वर परत साखरच खायची?

ताई : हो.

दाजी : हे कसलं चक्र आहे?

ताई : चक्रच आहे. त्यातून नंतर बाहेर पडू. अर्धा पेला रस, जास्त नाही. जास्त घेतला तर दोन तासांनी परत इथंच याल. रसानंतर पंधरा मिनिटं थांबायचं, मग अंडं. सकाळचं अंडं आहे ना डब्यात?

दाजी : आहे.

ताई : अरे, तू चढ. रस घे आणि चढ.

मेहुणा : मी?

ताई : मग कोण? मी येऊ मशीन टाकून?

मेहुणा : ताई, मी इशारेवाला आहे. जमिनीवर उभं राहायला मिळतं म्हणून हे काम घेतलं मी. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली बघितलं तरी माझे पाय विरघळतात.

ताई : मग खाली बघू नकोस.

दाजी : त्याला चढवू नको. तो शिडीवर अडकला तर दोघंही जाऊ. मी उतरतो सावकाश.

ताई : तुम्ही जागचे हलायचं नाही. हात थरथरतायत आणि शेहेचाळीस मीटर शिडी उतरणार? बसून राहा. पट्टा लावा खुर्चीचा.

मेहुणा : मुकादमाला सांगितलं तर बचावपथक मागवतील. दहा मिनिटांत वर येतील.

दाजी : आणि अकराव्या मिनिटाला माझं लायसन्स जाईल. तुला सांगतो, मुकादमाला एक शब्द कळता कामा नये. दरवर्षीच्या तपासणीत मी काय लिहून दिलंय ठाऊक आहे ना? पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे का, तर हो, हर्निया. चक्कर, घेरी, बेशुद्धी, तर नाही. खाली सही माझी.

ताई : तेव्हाच म्हणाले होते, खरं लिहा.

दाजी : खरं लिहिलं असतं तर घरी बसलो असतो. खुर्ची एकशे वीस किलोपर्यंतच्या माणसाची, मी एकशे एकेचाळीस. इन्स्पेक्टरनं काट्यावर उभं केलं आणि सहा महिने दिले. मी पोट कापून घेतलं ते बारीक दिसायला नाही. या खुर्चीत बसायला कापून घेतलं.

मेहुणा : दाजी, आवाज जड येतोय तुमचा.

दाजी : झोप येतेय.

ताई : झोपू नका. अरे, तू अजून उभाच का आहेस?

मेहुणा : बोलता बोलता कँटीनमधून रस घेतला, खिशात आहे. पण सळयांखाली कुणी येता कामा नये. दोन वाजता सगळे परत येतील. थांबा, तीनवर जाऊन येतो.

ताई : अहो, ऐकू येतंय का? नाही वाटतं, हा तीनवर गेला.

मेहुणा : आलो. मुकादमाला सांगितलं वारा आहे म्हणून थांबलोय. दोरी लावून घेतली चारी बाजूंनी. खाली कुणी जाणार नाही.

दाजी : पटलं त्याला?

मेहुणा : त्यानं झेंड्याकडे बघितलं. झेंडा फडक्यासारखा लोंबतोय. मग म्हणाला, वर असेल वारा.

दाजी : भला माणूस आहे.

मेहुणा : ते कळायचंय अजून. चढतोय मी.

ताई : फोन बंद करू नकोस. प्रत्येक टप्प्यावर थांब आणि वॉकीला लाव. यांना बोलतं ठेवायचंय.

मेहुणा : शिडीचे सात टप्पे आहेत. पहिला झाला. बोल.

ताई : अहो. मी आहे. मला सांगा, आज सकाळी वजन किती भरलं?

दाजी : शहाऐंशी.

ताई : आणि परवा?

दाजी : शहाऐंशी. दोन महिने शहाऐंशीच. मला वाटायचं, वा, भात खाऊनही वाढत नाही. मी किती खूश होतो, तुला कल्पना नाही.

ताई : होती कल्पना. घरी आल्यावर गुणगुणायचात. म्हणून तर बोलवेना मला.

मेहुणा : दुसरा टप्पा. बोला तुम्ही, मी फक्त श्वास घेतो.

दाजी : अगं, खरं सांगू? मला भाताची भूक नव्हती. चार चमच्यांवर पोट भरतं माझं. मला फक्त कुणी न मोजलेलं खायचं होतं. सकाळी उठलं की तराजू. दुपारी डबा, त्यात लेबल, इतके ग्रॅम. रात्री पुन्हा तराजू. इथं वर काचेच्या खोक्यात बसलो की वाटायचं, इथं कुणाची नजर पोचत नाही. इथं मी माझा.

ताई : आणि तिथंही मीच होते.

दाजी : हो ना. इथंही तूच होतीस.

मेहुणा : चौथा. तिसऱ्याला थांबलोच नाही, थांबलो असतो तर परत निघालो नसतो. दाजी, बोलत राहा.

दाजी : काय बोलू... काय म्हणत होतो मी?

ताई : खुर्चीचं. केबिनचं. तिथून काय दिसतं ते सांगा.

दाजी : छपरं. टाक्या. एक बाई गच्चीवर चादरी वाळत घालतेय. की दोन बायका आहेत.

ताई : चादरीचा रंग?

दाजी : रंग... हे बघ, मी हे सळयांचं तेवढं उतरवून टाकतो. लटकत ठेवणं बरं नाही. बारा वर्षांत एकदाही लटकतं ठेवून मी...

ताई : हात लावू नका.

दाजी : दोन मिनिटांचं काम आहे.

ताई : अहो, हात लावू नका. मांडीखाली घ्या दोन्ही हात. घेतले?

मेहुणा : दाजी, सळया हलल्या आत्ता. हललं काहीतरी.

ताई : हात मांडीखाली घ्या म्हणतेय मी. माझ्यासाठी घ्या.

दाजी : घेतले. घेतले गं. रडू नकोस.

ताई : मी रडत नाहीये. तू कुठं आहेस?

मेहुणा : सहावा. ताई, हे बघ, मी जर पडलो तर...

ताई : पडल्यावर सांग. चढ.

मेहुणा : आलो. दाजी, दार उघडा. राहू द्या, मीच उघडतो. अरे देवा, केवढे भिजलाय तुम्ही. हे घ्या. नळी तोंडात घ्या. ओढा.

ताई : अर्धाच.

मेहुणा : धरलाय मी. अर्धा झाला की काढून घेतो. बस. बस झाला दाजी, सोडा नळी.

दाजी : अजून दे.

मेहुणा : नाही.

दाजी : घोटभर.

ताई : नाही म्हणजे नाही. घड्याळ लावा. पंधरा मिनिटं.

मेहुणा : एक चोवीस झालेत. मी खाली बसतो यांच्या पायापाशी. डोळे मिटून बसतो. कुणी मला बाहेर काय दिसतं ते सांगू नका.

दाजी : एवढ्याशा केबिनमध्ये दोघं मावलो बघ. पूर्वी मी एकटाच मावत नव्हतो.

ताई : घाम कमी झाला का?

मेहुणा : कपाळ अजून ओलं आहे. हात थोडे थांबलेत. तुझा आवाज का असा येतोय?

ताई : गिऱ्हाईक गेलं. शटर अर्धं ओढून बसलेय. मला एक सांग, माझी चूक झाली का रे?

मेहुणा : आता काय ते.

ताई : नाही, सांग. तो फ्लॉवर मी भरला नसता तर यांना वाटलंच नसतं भात चालतो म्हणून. पहिल्याच दिवशी तुझ्या डब्यातला खरा भात खाल्ला असता, थोडं घाबरे झाले असते, पण जमिनीवर. मुकाट परत अंड्यांवर आले असते. मी यांना दोन महिने शिकवत बसले, की भात खा, काही होत नाही.

दाजी : तू नाही शिकवलंस. मी शिकलो.

मेहुणा : आणि मी दिला डबा. रोज. दाजी म्हणाले आणि मी दिला. तिघांनी मिळून केलं हे.

दाजी : किती वाजले?

मेहुणा : एक एकोणचाळीस. पंधरा मिनिटं झाली. कसं वाटतंय?

दाजी : तू एकच आहेस. झाकण उघडलं बाटलीचं, बघ.

ताई : आता अंडं खा. सावकाश. चावून.

दाजी : खातोय. हे बघ, हातही थांबले. अगदी नेहमीसारखं वाटतंय.

मेहुणा : मग झालं तर. दाजी, दोनला माणसं येतील. त्याआधी सळया उतरवा, मी इथूनच बघतो, नाहीतर सावकाश खाली जातो. वारा पडला म्हणून सांगू. कुणाला काही कळणार नाही.

ताई : तपासणी कधी आहे पुढची?

मेहुणा : चार महिन्यांनी. तोवर आपण तिघं नीट राहू. एकच डबा, खरा डबा. खिशात साखरेच्या गोळ्या.

दाजी : सोपं आहे.

मेहुणा : सोपंच आहे.

दाजी : दांड्यावर हात ठेवला तर अजून बारीक कापतोय. तुला दिसणार नाही. हुकाला दिसतो. शेहेचाळीस मीटर खाली तो हातभर होतो.

मेहुणा : मग थांबू अजून दहा मिनिटं.

दाजी : आणि उद्या? परवा कुणी वाढदिवसाचा तुकडा पुढे केला की? पुन्हा वारा? मघाशी मी हात घातला होता रे दांड्यावर. तू सहाव्या टप्प्यावर होतास आणि मला वाटलं मी अगदी बरा आहे. मला पक्कं वाटत होतं. खाली दोरी नसती, माणसं असती, तरी मी हात घातलाच असता. भीती त्याची वाटते.

ताई : तुम्ही काय म्हणताय ते कळतंय मला.

दाजी : सांगितलं तर खुर्ची जाते. नाही सांगितलं तर रोज या खोक्यात बसून स्वतःवरच पहारा ठेवायचा. तू बोल. तू म्हणशील तसं करतो.

ताई : मी नाही म्हणणार. दोन महिने तुम्हाला न सांगता तुमच्यासाठी ठरवलं मी. परत नाही.

मेहुणा : दाजी, एकदा बोललात की मागं घेता येणार नाही. पोट कापलं होतं ते याचसाठी ना?

दाजी : याचसाठी. वॉकी दे इकडं. किती वाजले?

मेहुणा : एक अठ्ठेचाळीस.

दाजी : तीनवर लाव... मुकादम, क्रेन एकवरून बोलतोय. नाही, वारा नव्हता. वारा नव्हता म्हणतोय मी. माझी साखर उतरली होती. हो, वरच. आता बरा आहे, पण सळयांना मी हात लावणार नाही, क्रेन दोनवाल्याला पाठवा उतरवायला... हो. आणि दोरीच्या आत दोनला कुणाला सोडू नका... नाही, हर्निया नव्हता. पोट लहान करून घेतलंय. दीड वर्ष झालं... मीच लिहिलं तसं. सहीही माझीच... इशारेवाला वर आहे माझ्याजवळ. त्याचा दोष नाही, मी सांगितलं म्हणून बोलला तो वाऱ्याचं... एकदा. वर एकदाच, आज. घरी एकदा... बरं. बरं, थांबतो.

ताई : काय म्हणाला?

दाजी : क्रेन दोनवाला येतोय. त्याच्यासोबत पट्टा बांधून दोघांनी उतरा म्हणाला, घाई करू नका.

ताई : रागावला का?

दाजी : नाही. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, पाणी आहे का तुझ्याकडे.

ताई : आणि परत चढू देणार का?

दाजी : ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.